पंचांगातली पुढची ओळ

सूनबाई, तुला सहावा लागला, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. ग्रहण आलं की बारा जणी बारा गोष्टी सांगतील. तू पंचांग उघड आणि ग्रहणाचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाच. अर्धवट वाचण्यापायी मी काय भोगलं ते ऐक.

16 फेब्रुवारी 1980. शनिवार, अमावास्या, सूर्यग्रहण. खग्रास पट्टा कर्नाटक-आंध्रातून ओडिशाकडे गेला, आपल्या नागपुरात खंडग्रास. तुझी मोठी नणंद पोटात होती. सदरमधलं आपलं जुनं कवेलूचं घर. ग्रहण कुंभेत आणि माझी रास वृश्चिक. वृश्चिकेपासून कुंभ चौथी, म्हणजे फळ अनिष्ट. सासूबाई धास्तावल्या. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर, म्हणजे बारा तास आधी लागतात. आदल्या रात्री जेवले तेवढंच. मधल्या खोलीत दार लावून मला निजवलं. कूस बदलू नको, पाणी मागू नको. कवेलूच्या फटीतून सारवलेल्या जमिनीवर रोज गोल कवडसा पडायचा. त्या दुपारी त्याची कोर झाली. ती बारीक होताना बघत होते, तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. पोरगी सुखरूप झाली, पण ती दुपार मी विसरले नाही.

पुढे स्वतः पंचांग वाचायला लागले तेव्हा कळलं, की लहान मुलं, म्हातारी, आजारी माणसं आणि गर्भवतींना एवढे लांब वेध नाहीतच. ते तिथेच, पुढच्याच ओळीत छापलेलं असतं! मागच्या भाद्रपदात, 7 सप्टेंबर 2025 ला, खग्रास चंद्रग्रहण होतं. स्पर्श रात्री दहाच्या आसपास. चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर, म्हणून इतरांना दुपारी साडेबारानंतर. अशांना मात्र संध्याकाळी सव्वापाचपासून. वेधात पाणी चालतं. औषधाची वेळ तर ग्रहणासाठी कधीच चुकवायची नाही, हे माझं सांगणं.

आता फळ. आपल्या राशीपासून ग्रहणाची रास मोजायची. तिसरी, सहावी, दहावी, अकरावी आली तर शुभ. दुसरी, पाचवी, सातवी, नववी मिश्र. पहिली, चौथी, आठवी, बारावी अनिष्ट. अनिष्ट आलं तर शास्त्र जप आणि दान सांगतं. पोटुशीला कोंडून उपाशी ठेवा, असं नाही सांगत. मी फळ मानते, पण ते हातून काही द्यायला लावतं म्हणून मानते.

इथे दिसत नाही ते ग्रहण पाळायचं नाही, हेही पंचांगच म्हणतं. 21 सप्टेंबर 2025 ला सर्वपित्री होती आणि सूर्यग्रहणही, पण ते भारतात दिसणारच नव्हतं. तरी सकाळपासून फोन, पानं वाढायची की नाही? मी नेहमीसारखीच वाढली. छायाकल्प चंद्रग्रहणालाही नियम नाहीत.

राहू-केतूला भिऊ नको. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. वाट पाच अंश तिरकी, म्हणून दर अमावास्येला ग्रहण होत नाही.

ग्रहणात मी सुरी धरत नाही, सवय आहे. तुझ्या हातून कांदा चिरला गेला तर मनात किडा घेऊन बसू नको. ओठ फाटलेलं लेकरू ग्रहणामुळे जन्मत नाही. तसं लेकरू कुणाकडे आलं तर त्या आईला ‘ग्रहणात काय केलंस’ असं विचारू नको, कुणी विचारलं तर तिथेच थांबव. आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी मुळीच पाहायचं नाही. पुठ्ठ्याला टाचणीचं भोक पाड, सूर्याकडे पाठ कर आणि भिंतीवर कोर पाडून बघ.

पूर्वी मोक्षाच्या वेळी गल्लीतून ‘दे दान सुटे गिरान’ अशी हाक यायची. आता येत नाही. म्हणून तांदूळ मी आधीच डब्यात भरून ठेवते आणि सकाळी मंगळवारी बाजाराच्या वाटेवर देऊन येते. डबा फडताळात खालच्या खणात आहे, पितळी झाकणाचा.