पासिंगआधी चाकं उघडणारं गॅरेज

आषाढीच्या महिनाभर आधी लोहारा तालुक्यात जुन्या गाड्यांची लगबग सुरू होते. सास्तूर, माकणी, जेवळी अशा गावांमधून देवदर्शनाला जाणाऱ्या ट्रॅव्हलर, दिंडीबरोबर पंढरपूरला जाणारे टेम्पो, रोजच्या प्रवाशांच्या जीपा यांपैकी बऱ्याच गाड्यांनी वयाची दहा-बारा वर्षं ओलांडलेली असतात. दिंडीची गाडी तर वारीभर घरच असते. दिवसा तिच्यात सगळ्यांच्या वळकट्या आणि भांडीकुंडी, रात्री थकलेल्या म्हाताऱ्या माणसांचं अंथरूण. अशा गाडीचं पासिंग कागदापुरतं उरकून चालत नाही.

नियम स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 56 नुसार पिवळ्या पाटीच्या गाडीला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजेच फिटनेस, लागतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांसाठी मिळतं आणि त्यापुढे दरवर्षी घ्यावं लागतं. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. फिटनेस संपलेली पिवळ्या पाटीची गाडी कायद्याच्या नजरेत नोंदणी नसलेलीच ठरते. तिचा अपघात झाला तर विमा कंपनीशी भांडायलाही मालकाच्या हातात फारसं काही राहत नाही.

लोहाऱ्यातल्या एका ट्रॅव्हलर मालकाचा अनुभव यासाठीच सांगण्यासारखा आहे. मुदत संपत आली होती आणि दिंडीचं ठरलं होतं. एका गॅरेजवाल्यानं शब्द दिला, “काळजी करू नका मालक, पास करून देतो.” गाडी दोन दिवस तिथे राहिली. पत्र्याला रंग लागला, नवी रिफ्लेक्टर टेप चिकटली, बंद इंडिकेटर लागले, ब्रेकही ‘आवळून’ मिळाले. बाहेरून गाडी नवरीसारखी सजली. एकही चाक मात्र उघडलं गेलं नव्हतं.

धाराशिवला परिवहन कार्यालयाच्या तपासणीत निरीक्षकांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, वायपर फिरवला. इथवर सगळं ठीक होतं. मग गाडी पळवून ब्रेक मारायला सांगितलं. ब्रेक लागताच गाडी मागून हलली आणि डावीकडे ओढली गेली. गाडी नापास झाली.

ब्रेकच्या या चाचणीमागे महाराष्ट्रात मोठा न्यायालयीन लढा आहे. श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं परिवहन कार्यालयांमध्ये 250 मीटरचा ब्रेक चाचणी ट्रॅक असलाच पाहिजे, असा आग्रह धरला. 2017 मध्ये ट्रॅक नसलेल्या कार्यालयांवर फिटनेसचं काम थांबवायची वेळ आली. आता केंद्र सरकारचा भर स्वयंचलित तपासणी केंद्रांवर आहे. तिथे चाकं रोलरवर चढवतात आणि डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकची ताकद यंत्र मोजतं. ताज्या रंगाचा त्या आकड्यांवर काहीही परिणाम होत नाही.

मालकानं गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी आधी पैशांचा आकडा सांगितलाच नाही. “चाकं उघडू द्या, मग सांगतो,” एवढंच म्हणाले. मागचा उजवा ड्रम उतरला तेव्हा मालकाला शेजारी बसवून दाखवलं. ब्रेकचे लायनर काळेभोर आणि चकचकीत झाले होते, बोट फिरवलं की बोटाला तेल लागत होतं आणि गिअर ऑइलचा उग्र वास येत होता. हाउसिंगचं ऑइल सील गळत होतं. जुनं सील काढलं तर त्याचं रबर इतकं कडक झालं होतं की नखानं दाबताच त्याचा तुकडा पडला. सील जिथे बसतं तिथे लोखंडावर झिजेची खाच पडली होती. नुसतं सील बदललं असतं तर महिन्याभरात पुन्हा गळती लागली असती, म्हणून ते काम लेथवर गेलं. लायनर दोन्ही मागच्या चाकांचे बदलले. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना लायनर ठेवला तर गाडी पुन्हा ओढतेच. पहिल्या गॅरेजमध्ये आवळलेला ब्रेक हा याच तेलकट लायनरवर आवळलेला होता.

तेव्हा गॅरेज निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा : चारही चाकं उघडून पाहणार का? दुसरा प्रश्न, काढलेले जुने पार्ट परत देणार का? तिसरा, काम झाल्यावर मालकाला शेजारी बसवून गाडी पळवून, ब्रेक मारून दाखवणार का? या तिन्हींना सरळ होकार देणारा मिस्त्री टपरीवजा गॅरेजात बसत असला तरी चालेल. ‘पास करून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र पास करण्यासाठी तो गाडीचं नेमकं काय काम करणार, हे आधी विचारावं. आपल्या गाडीचे पार्ट उमरगा, सोलापूर किंवा लातूरहून किती दिवसांत येतात, हेही आधीच कळलं पाहिजे. एका सीलसाठी गाडी आठवडाभर उभी राहू शकते.

ब्रेक ऑइल कधी बदललं, हे बहुतेकांना आठवत नाही. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 प्रतीचं नवं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरल्यावर ही मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. तुळजापूरच्या घाटात भरलेली गाडी सतत ब्रेकवर उतरवली की उष्णता वाढते, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून घेण्याचा खर्च त्यापुढे काहीच नाही. टायरच्या बाजूवरचे चार आकडेही पाहावेत. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी रबराला भेगा पडल्या असतील तर तो टायर लांबच्या प्रवासाला नेऊ नये.

झोपायच्या सोयीसाठी सीटा काढून फळ्या ठोकणं, टपावर जड कॅरिअर चढवणं, आत गॅसची शेगडी बसवणं हे दिंडीच्या गाड्यांत सर्रास दिसतं. कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. असा बदल सुचवणारं गॅरेज मालकाला तपासणीत आणि रस्त्यावरही अडचणीत आणतं. सिलिंडर आणि माणसं रात्री एकाच बंद गाडीत असणं तर जिवावर बेतू शकतं.

वेळ हाताशी ठेवावा. डिसेंबर 2016 च्या केंद्रीय नियमांनी फिटनेसला उशीर झाल्यास रोज 50 रुपयांचं जादा शुल्क आणलं. 2024 च्या मे महिन्यात राज्यात त्याची वसुली सुरू होताच रिक्षाचालक रस्त्यावर आले आणि सरकारला स्थगिती द्यावी लागली. सध्याचा दर परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज करतानाच पाहून घ्यावा. मुदतीच्या दीड महिना आधी चाकं उघडली तर लेथचं काम आणि पार्टची वाट पाहणं, दोन्ही घाई न होता उरकतं. भारत स्टेज 4 च्या आधीच्या गाडीचं पीयूसी सहा महिन्यांचंच असतं, म्हणून विमा आणि कराच्या पावतीबरोबर त्याचीही तारीख पाहावी. बिलावर किलोमीटरचा आकडा, बदललेल्या पार्टचं नाव आणि तारीख लिहून घ्यावी. तरीही गाडी नापास झालीच तर निरीक्षकांकडून कारणं लेखी मागून घ्यावीत आणि तो कागद मिस्त्रीच्या हातात देऊन प्रत्येक कारणासमोर त्यानं केलेलं काम लिहून घ्यावं.