संगणकातील औषधशोध आणि आपल्या घरातील सिकलसेल

विदर्भातील अनेक कुटुंबांना सिकलसेल हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मुलाचे सांधे ठणकू लागतात, डोळे पिवळे पडतात आणि रात्री-अपरात्री मेडिकल किंवा मेयोकडे धाव घ्यावी लागते. भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळला. १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलविषयी नागपूरच्या संशोधकांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाच्या शोधात संगणक कोणते काम करतो, हे आम्ही येथे याच आजाराच्या आधारे पाहणार आहोत.

आजाराचे मूळ

रक्तातील हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात. त्यांपैकी बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असून सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्ल असते. सिकलसेलमध्ये तेथे व्हॅलिन येते. हा बदल व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७ साली दाखवून दिला. रेणूने प्राणवायू सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत अडकते. अशा रेणूंचे लांब तंतू बनतात व गोल पेशी विळ्यासारखी वाकते.

रेणूची प्रतिकृती

रेणूतील प्रत्येक अणूचे स्थान ठाऊक असेल, तर त्याची प्रतिकृती संगणकात उभी करता येते. मग हजारो रसायने तिच्या खाचांत बसवून पाहता येतात आणि निरुपयोगी रसायने प्रयोगशाळेत जाण्यापूर्वीच वगळता येतात. मात्र रेणू स्थिर नसतो. त्याची हालचाल दाखवण्यासाठी न्यूटनचे गतिनियम वापरून प्रत्येक अणूचे पुढचे स्थान काढावे लागते. येथील एक पाऊल म्हणजे साधारण एक फेमटोसेकंद. त्यामुळे सेकंदाच्या केवळ दहा लाखाव्या भागाची हालचाल पाहण्यासाठी शंभर कोटी पावले मोजावी लागतात! यासाठीच महासंगणक लागतो. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ घडवला, त्याचे मोल येथे कळते.

मात्रेचे गणित

औषध सापडले तरी ते किती द्यावे, हा प्रश्न उरतोच. समजा, रक्तातील एखादे औषध दर चार तासांनी निम्मे होते. आरंभी ८० एकक असल्यास चार तासांनी ४०, आठ तासांनी २० व बारा तासांनी १० एकक उरेल. वजन, वय व मूत्रपिंडाची क्षमता यांनुसार हा वेग बदलतो. या बदलांसह समीकरणे मांडून संगणक प्रत्येक रुग्णाचा आलेख काढतो.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध शरीरातील गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवते. अमेरिकेतील सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात रक्ताच्या मोजक्या नमुन्यांवरून, संगणकीय प्रतिमानाच्या साहाय्याने, प्रत्येक मुलाची मात्रा ठरवण्यात आली. आपल्या नागपूरच्या डॉक्टरांनी दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम एवढी कमी, ठरावीक मात्रा मुलांना देऊन पाहिली. वेदनेचे झटके कमी झाल्याचे त्यांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. परदेशातील मुलांवरून बेतलेले गणित आपल्या मुलांना जसेच्या तसे लावता येत नाही, हे यातून आम्ही शिकतो. प्रतिमान अचूक व्हायचे, तर त्यात आपल्या मुलांच्या नोंदी असल्या पाहिजेत.

प्रतिकृतीची मर्यादा

हिमोग्लोबिनच्या रचनेचा अभ्यास करून घडवलेल्या व्होक्सेलोटर या औषधाला २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ते रेणूवर नेमके बसत होते, रुग्णांचे हिमोग्लोबिनही वाढत होते. तरीही पुढील चाचण्यांत वेदनेचे झटके व मृत्यू यांविषयी चिंता निर्माण झाली आणि २०२४ साली कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. रेणूला लागू पडलेले औषध रुग्णाला तारेलच असे नाही. म्हणून संगणकानंतरही प्रयोगशाळा, रुग्णचाचणी व प्रामाणिक नोंद यांना पर्याय नाही.

विद्यार्थी मित्रहो, आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे गणित सोडवण्यास महासंगणक लागत नाही, रक्ताची एक तपासणी पुरते. ती करून घेण्यात कसलाही कमीपणा नाही. तुमच्यापैकी कोणी उद्या गणित, रसायनशास्त्र वा संगणक घेऊन या कामात उतरेल, अशी आमची आशा आहे. तोवर तपासणीचा कागद लपवू नये, जपून ठेवावा, एवढे तरी आपण सर्वांनी करावे.