परका वाटणारा पाय आणि मेंदूतील यंत्र

प्रश्न : माझा धाकटा भाऊ धडधाकट असूनही गुडघ्याखालचा डावा पाय आपला नव्हेच, असे लहानपणापासून सांगतो. मेंदूत बसवण्याच्या यंत्राने तो बरा होईल काय?
– एक वाचक, एकोडी (जि. भंडारा)

उत्तर : आपल्या बंधूंचे सांगणे ढोंग समजू नये, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची स्वतंत्र नोंद आहे. सॅन डिएगो येथील पॉल मॅकगिओक, विलयनूर रामचंद्रन प्रभृती संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केले की, अशा चार व्यक्तींच्या नकोशा अवयवास स्पर्श केला असता, देहाचा नकाशा जुळवणाऱ्या मेंदूच्या उजव्या पार्श्विक खंडाच्या वरच्या भागात अपेक्षित प्रतिसाद उमटला नाही.

आता यंत्राविषयी. 2004 पासून ‘ब्रेनगेट’ या संशोधन प्रकल्पाने आणि जानेवारी 2024 पासून ‘न्यूरालिंक’ या कंपनीने पक्षाघातग्रस्तांच्या मेंदूत जी यंत्रे बसवली, ती हालचालीचा संकल्प विद्युत्संकेतांतून वाचून संगणकास पोचवतात, परंतु स्पर्श, दृष्टी आणि अंगस्थितीचे भान यांच्या संगमातून उपजणारी ‘हे माझे’ ही आत्मीयता निर्माण करणे हे त्यांचे कार्य नव्हे, म्हणून असे यंत्र बसवणे हा या विकारावर आज प्रस्थापित उपचार नाही, आणि कवटी उघडण्याची जोखीम त्यासाठी पत्करणे मला सर्वथा गैरवाजवी वाटते.

मानसोपचारतज्ज्ञांकडून मात्र मनाचा ताण व विषण्णता हलकी होऊ शकते. बंधूंना दटावू नका, त्यांचे ऐकून घ्या. पायास इजा करण्याचा विचार त्यांनी बोलून दाखवल्यास क्षणाचाही विलंब न लावता त्यांना इस्पितळात न्या. सरकारची ‘टेली मानस’ ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तेथे आजच बोला.