खिळ्यांचं शिसं आणि ठासणीची गोळी

पुतण्या अकोल्याच्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, भंगाराच्या भावात घेऊन आला. काकांचं गाव अमरावतीकडचं. पिकाच्या राखणीसाठी आजोबांपासून चालत आलेली परवान्याची ठासणीची बंदूक त्यांच्या घरी आहे.

पुतण्या : काका, हे वितळवून ठासणीच्या गोळ्या होतील ना? शिसंच आहे.

काका : निस्तं शिसं नाही बाप्पा. यात अँटिमनी हाय, कथील हाय. नखानं ओरखडून पाह्य.

पुतण्या : काहीच उमटत नाही.

काका : आता हा जुन्या शिशाच्या नळाचा तुकडा घे. उमटला ना ओरखडा? निखळ शिशाचा कडकपणा ब्रिनेलच्या मापानं 5 च्या आसपास. लायनोटाइपच्या, म्हंजे यंत्रानं ओळी ओतायच्या, धातूत शंभरात 84 भाग शिसं, 12 अँटिमनी, 4 कथील. त्याचा आकडा 22 पर्यंत जाते. हातानं जुळवायच्या खिळ्यांत तर अँटिमनी त्याहून जास्त.

पुतण्या : मग कडक गोळी चांगलीच की!

काका : इथंच सारे फसतात. गोळी किती कडक पाहिजे, हे नळी अन् दारू ठरवते. रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात. जोरदार दारूपुढं गोळी मऊ पडली, तर खाचा न धरता घसरते अन् नळीत शिसं लेपून ठेवते. दारूच्या मानानं जास्त कडक झाली, तर फुगत नाही. बाजूनं तापलेला वायू निसटते अन् गोळीची कड खाते. शिसं तेव्हाही लेपतेच.

पुतण्या : आणि ठासणीत?

काका : तिच्यात खाचा नाहीत, काळ्या दारूचा दाबही कमी. मऊ गोळी चिंधीसकट बसते, मागून धक्का बसला की जराशी पसरते. आता खिळ्यांचा धातू आइक. गार होताना तो कमी आकसते, म्हणून त्याच साच्यातून गोळी थोडी मोठी उतरते. ठासताना अर्ध्या नळीत अडकली तर काय करशील? गोळी नळीहून लहानच लागते: 1803 मध्ये अडगावच्या लढाईत, मग गाविलगडावर, इंग्रज सेनापती वेलस्लीच्या शिपायांच्या बंदुकीच्या नळीचं तोंड पाऊण इंचाचं अन् गोळी त्याहून लहान होती. मऊ शिशाची. 

पुतण्या : वितळवताना वाफेचं काय? आई म्हणते शिसं विषारी.

काका : आईचं खरं हाय. शिसं 327 अंशांवर वितळते. तेवढ्या तापावर वाफ कमी. खरं भय वर येणाऱ्या मळीचं अन् धुळीचं. हाताले लागते, हातातून तोंडात जाते. अन् ओल्या साच्यात ओतलं तर उसळून डोळ्यावर येते. पण त्याच्याही आधी कायदा पाह्य. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकराखणीले ठासणीची बंदूक मिळते, दारूगोळा बनवायचा परवाना मात्र येगळा.

पुतण्या : बरं. पण घरातल्या जुन्या पातेल्यात वितळवलं तर?

काका : नाही.

पुतण्या : नंतर घासून धुतलं तर?

काका : तरी नाही! लेकराच्या मेंदूले शिसं थोडंही सोसत नाही. ज्या पातेल्यात शिसं गेलं ते पुन्हा चुलीवर चढवायचं नाही.

पुतण्या : आणि अंगणात, आईच्या चुलीपासून लांब?

काका : अरे, तू पातेल्यावरच अडून बसला! मले दुसरंच जाळते. या खिळ्यांनी मराठी छापली. एकेका जोडाक्षराले येगळा खिळा, शेकड्यानं खाने. जुळारी उभ्या उभ्या म्हातारे झाले. छापखाने बंद पडले अन् सारं किलोवर गेलं. इकडं रोही अन् डुकरं उभं पीक खातात, वन खात्याच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर बार टाकता येत नाही, अन् ती परवानगी येईस्तोवर तूर संपते. बंदूक निस्ती खुंटीवर.

पुतण्या : मग या खिळ्यांचं काय करू?

काका : वितळवू नको. टाइप जपणारा कोणी मुद्रक किंवा कॉलेज शोध, त्याले दे. ठासणीले निखळ मऊ शिसंच लागते. अन् जिल्हाधिकारी कचेरीच्या परवाना शाखेत विचारल्याबिगर घरात साचा आणायचा नाही.