खोक्यावरचा १२०० हा आकडा

मुलीच्या वाढदिवसाला तिच्या आत्याने हौसेने मायक्रोस्कोप आणला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१२०० पट’. प्रत्यक्षात सगळ्यांत लहान भिंगातूनही मुंगीचा पाय म्हणजे करडं धुकं. फोकसला हात लावला की नळी डुगडुगायची. लवकरच ते यंत्र माळ्यावर गेलं आणि ‘मला हे जमत नाही’ असं पोरीने ठरवून टाकलं. पैशांपेक्षा मला तेच जास्त लागलं.

मुळात तो आकडाच फसवा. साध्या प्रकाशात सुमारे ०.२ मायक्रॉनहून जवळचे दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत. तिथवर पोचायलाही तेलात बुडवायची महाग भिंगं लागतात. प्लॅस्टिकच्या भिंगाने १२०० पट केलं, तर मोठा होतो तो फक्त धूसरपणा.

शाळकरी मुलांना ४० ते ४०० पट भरपूर झालं. डोळ्याशी १०चं भिंग, खाली ४, १० आणि ४०ची. खालच्या भिंगावर ‘१०/०.२५’, ‘४०/०.६५’ असं कोरलेलं आहे का, ते पाहा. बारकावे किती सुटे दिसतील ते दुसरा आकडा सांगतो, आणि खेळण्यांवर तो बहुधा नसतोच. म्हणून खेळण्यांचं दुकान टाळा. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्याकडे जा. अंबाल्याला बनलेली साधी विद्यार्थी मॉडेलं तिथे मिळतात.

जाताना वर्तमानपत्राचा कपटा न्या. ४च्या भिंगाखाली अक्षर उलटं दिसेल आणि कागद डावीकडे सरकवला की ते उजवीकडे पळेल. (हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर चिडतात.) मग १०चं भिंग फिरवून आणा: चित्र जवळजवळ स्पष्टच राहायला हवं. टेबलावर टिचकी मारा. चित्र थरथरत राहिलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

सात-आठ वर्षांखालच्यांना मात्र २० पटीचा स्टिरिओ मायक्रोस्कोप बरा. दोन्ही डोळ्यांनी, सुलटं दिसतं; काचपट्टी करायची कटकट नाही. नाणं, तुरीची डाळ, मेलेला नाकतोडा, काहीही ठेवा. तेवढंही बजेट नसेल तर स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने बनवलेला कागदी फोल्डस्कोप आहे. तो सुमारे १४० पट दाखवतो.

आरशाचं मॉडेल घेतलंत, तर आरसा खिडकीतल्या आभाळाकडे वळवा. सूर्याकडे कधीच नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.