घर माझं, मग परवानगी कुणाची?



"घर माझं, पैसा माझा, खिडकीसुद्धा माझीच. मग ती बदलायची तर महापालिकेला कशाला विचारायचं?" हेरिटेजचा विषय निघाला की मेसच्या टेबलावर कुणीतरी हा प्रश्न टाकतोच. प्रश्न फालतू नाही. मी सिव्हिलचा विद्यार्थी असल्याने उत्तर मीच द्यावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. एका वाक्यात ते देता येत नाही, म्हणून हा लेख. उदाहरण मुंबईचं घेतलं आहे, कारण घरांच्या बाबतीतला हा प्रयोग आपल्या देशात सर्वात आधी तिथेच झाला.

स्मारक वेगळं, घर वेगळं

किल्ले, लेणी, समाध्या यांच्यासाठी १९५८ चा केंद्र सरकारचा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. पण स्मारकात कुणी राहत नाही. तिथे सकाळी दूधवाला येत नाही की पावसाळ्यात बादल्या लावाव्या लागत नाहीत. जुन्या वस्तीतल्या घरांचं तसं नसतं. एकेकटं घर पाहिलं तर त्यात फार मोठं काही नसेल, पण वीस-पंचवीस घरं मिळून जी गल्ली तयार होते, तिला स्वतःचा चेहरा असतो. त्यातलं एक घर पाडून तिथे टॉवर उभा राहिला की उरलेल्या सगळ्या घरांची किंमत बदलते. पैशातली किंमत वाढते आणि दुसरी कमी होते.

म्हणून एकट्या इमारतीऐवजी अख्ख्या वस्तीवर देखरेख ठेवण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहराने १९३१ मध्ये असा परिसर आखून घरांच्या दर्शनी भागातले बदल तपासायला स्थानिक मंडळ नेमलं. ब्रिटनने १९६७ मध्ये कायदा करून 'संवर्धन क्षेत्रं' जाहीर करण्याची सोय केली. मुंबईत ही गोष्ट १९९५ मध्ये आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ६७ घालण्यात आला आणि त्यासोबत सुमारे सहाशे इमारती व परिसरांची यादी जाहीर झाली.

नियम ६७ काय सांगत होता?

आपण समजतो की हेरिटेज म्हणजे फक्त पाडापाडीला बंदी. नियमाची भाषा वाचली तर डोळे उघडतात. यादीतल्या वास्तूत भर घालणं, फेरफार करणं, दुरुस्ती, प्लास्टर, इतकंच काय रंग लावणंसुद्धा आयुक्तांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय करायचं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

अर्थात सगळ्यांना एकच फूटपट्टी नव्हती. श्रेणी अशा केल्या होत्या :

श्रेणी १ : राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू, उदा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उच्च न्यायालय. इथे मजबुतीसाठी आणि आयुष्य वाढवण्यासाठी अगदी आवश्यक तेवढंच काम.

श्रेणी २ (अ आणि ब) : प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या वास्तू. आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे चालतो, बाहेरचे बदल मात्र तपासून घ्यावे लागतात. 'ब' मध्ये त्याच आवारात जुन्याशी जुळेल अशी जादा इमारतही होऊ शकते.

श्रेणी ३ : शहराच्या चेहऱ्यासाठी महत्त्वाच्या वास्तू आणि वस्त्या. आतले-बाहेरचे दोन्ही बदल सहसा चालतात, फक्त ते परिसराशी विसंगत असू नयेत.

शिवाय यादीतल्या परिसरात आजूबाजूची आकाशरेषा, म्हणजे छपरांची साधारण उंची, सांभाळायची असंही कलम होतं. पुढे २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यासोबत नवी नियमावली आली आणि ६७ ची जागा नियम ५२ ने घेतली. मात्र यादी, श्रेणी आणि समिती हा सांगाडा कायम राहिला.

अर्ज जातो कुठे?

अर्ज महापालिकेकडे जातो आणि निर्णय आयुक्तांचा असतो. सल्ला देते मुंबई वारसा जतन समिती. १९९५ च्या नियमात या समितीवर वास्तुविशारद, पर्यावरणतज्ज्ञ, शहराचा इतिहास जाणणारा अभ्यासक यांच्या बरोबरीने एक अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअरही हवा असं लिहिलं होतं. (आपल्या शाखेची कॉलर इथे थोडी ताठ करायला हरकत नाही!) अपवाद म्हणून आयुक्त समितीचा सल्ला बाजूला ठेवू शकत, पण त्याची कारणं लेखी नोंदवावी लागत आणि हा अधिकार हाताखालच्या अधिकाऱ्याकडे सोपवता येत नसे. मला ही तरतूद फार महत्त्वाची वाटते. परवानगी ज्याने दिली, त्याचं नाव कागदावर राहतं.

श्रेणी तीनची गोष्ट जरा वेगळी होती. तिथे प्रत्येक प्रकरणी समितीच्या सल्ल्याची अट नव्हती. मार्गदर्शक सूचनांना धरून महापालिकेने परवानगी द्यायची, असा प्रकार होता. आणि माणसं राहतात त्या गावठाणवजा वस्त्यांवर नेमकी हीच श्रेणी पडते.

खोताची वाडी

गिरगावातली खोताची वाडी अशीच. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावावरून वाडीला हे नाव पडलं. त्यांच्याकडून जागा घेऊन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी इथे घरं बांधली. अरुंद बोळ, पुढे उघडा व्हरांडा, माडीवर जायला बाहेरून लाकडी जिना, वर मंगलोरी कौलं. चर्नी रोड स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर हे आहे, यावर पहिल्यांदा जाणाऱ्याचा विश्वास बसत नाही. एकेकाळी इथे सुमारे पासष्ट घरं होती. आज त्यांच्या निम्मीसुद्धा उरलेली नाहीत.

ड्रॉइंगच्या सरावासाठी मी तिथे एका घराची मापं घेतली. घरमालक आजोबा शिडी धरून उभे होते. परवानगीचा विषय काढल्यावर ते इतकंच म्हणाले, "अरे, कौल फुटलं तर पाऊस मीटिंगची वाट बघत नाही." त्यांच्या या एका वाक्यात अख्ख्या व्यवस्थेची परीक्षा आहे.

चुना की सिमेंट?

आता थोडा आपला विषय. देखरेख फक्त 'दिसण्याची' असावी असं पुष्कळांना वाटतं. पण जुन्या घराचा सगळ्यात मोठा घात दिसणाऱ्या बदलाने होतोच असं नाही. तो साध्या प्लास्टरनेही होतो.

जुन्या भिंती विटा किंवा दगड आणि चुन्याच्या आहेत. चुन्याचा दर्जा मऊ. त्यातून बाष्प ये-जा करतं. भिंत जमिनीतून ओल शोषते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर सोडते. इमारत किंचित हलली तर चुना थोडंफार सामावून घेतो. आता याच भिंतीवर आपण घट्ट सिमेंट प्लास्टर मारलं की बाहेरून भिंत गुळगुळीत, मालक खूश, मिस्त्री खूश. पण आतली ओल अडकते, ती वर चढते, क्षार विटांच्या तोंडाशी साठतात आणि विटा भुगा होऊन झडू लागतात. भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजतात. चार-पाच पावसाळ्यांनंतर प्लास्टरचा पापुद्रा पडतो तेव्हा त्याच्यामागे भिंत उरलेली नसते. मग 'इमारत धोकादायक' असा अहवाल येतो, आणि धोकादायक म्हटलं की पाडायचा रस्ता मोकळा!

म्हणजे प्लास्टरलाही परवानगी लागणं हा अडाणीपणा नव्हता. पण ती परवानगी देणाऱ्याने "रंग कोणता?" याच्या आधी "मसाला कोणता?" हे विचारायला हवं.

दोन क्रियापदं

या सगळ्या अभ्यासात मला सर्वात जास्त खटकलं ते पैशाचं कलम. यादीतल्या घरांची दुरुस्ती मालकांनी किंवा भाडेपट्टेदारांनी स्वतः करायची, असं १९९५ च्या नियमात होतं. आणि मदतीसाठी? एक स्वतंत्र निधी 'उभारता येईल', असं होतं. मालकाच्या वाट्याला 'करायची' आणि सरकारच्या वाट्याला 'करता येईल'. व्याकरणाच्या तासाला यातला फरक अर्ध्या मार्काचा असतो, इथे तो छपराएवढा आहे.

टीडीआरची सोय होती, हे मान्य. परवानगी नाकारल्यामुळे न वापरता आलेल्या एफएसआयच्या बदल्यात विकता येणारे विकास हक्क मिळू शकतात. पण ही भरपाई 'न बांधल्याची' आहे. ज्याला वाढवून बांधायचंच नाही, नुसतं गळकं छप्पर नीट करायचं आहे, त्याच्या हातात काय पडतं?

त्यामुळे २०१२ मध्ये नऊशेहून अधिक नावांची नवी यादी आली तेव्हा शिवाजी पार्कसारख्या भागांतून विरोध झाला, याचं मला आश्चर्य वाटत नाही. आपल्या घराला 'वारसा' म्हटलं तर माणसाला अभिमान वाटायला हवा, पण लोकांना भीती वाटली ती पुनर्विकास अडेल याची. याउलट २०१८ मध्ये ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यातही माणसं राहतात, त्यांनाही बाल्कनी बंद करून खोली मोठी करावीशी वाटते. पण तिथल्या रहिवाशांच्या संघटना या कामात पुढे होत्या. वारसा ही बाहेरून आलेली नोटीस न वाटता आपली गोष्ट वाटली, की देखरेखीचं अर्धं काम शेजारीच करतात.

मग उत्तर काय?

मेसच्या टेबलासाठी माझं उत्तर असं : घर तुझं आहे, पण गल्ली सगळ्यांची आहे, म्हणून विचारावं लागेल. मात्र जो विचारायला लावतो, त्याने दोन गोष्टी बांधील धराव्यात. जसंच्या तसं दुरुस्त करायचं असेल तर होकार पावसाच्या आधी मिळावा, आणि लाकूड-चुन्याचा जादा खर्च एकट्या मालकावर पडू नये. नाहीतर नियम घर वाचवत नाही, ते पडेपर्यंत नुसता पहारा देतो.

आपल्यापुरतं बोलायचं तर, चुन्याचं भारतीय मानक आयएस ७१२ अस्तित्वात आहे हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? लॅबमध्ये सिमेंटचे क्यूब आपण ढिगाने फोडतो, चुन्याचा एकही नाही. उद्या एखाद्या जुन्या घराचा स्ट्रक्चरल ऑडिट आपल्याच सहीने होणार आहे. 'धोकादायक' हा शब्द लिहिण्याआधी भिंतीला हात लावून ओल कुठून येते ते शोधणारा इंजिनिअर त्या आजोबांना हवा आहे. समितीला तर हवाच आहे!