विषमतेची चिंता कशाला?

प्रश्न : सिल्वासात कारखाने आले, हाताला काम मिळालं. मग कोणी गडगंज झालं तर बिघडलं कुठे?
– एक वाचक, सिल्वासा

उत्तर : तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. शेजाऱ्याने बंगला बांधला म्हणून कोणाची भाकरी कमी होत नाही. करसवलतींमुळे इथे उद्योग आले आणि रोजगार वाढला, हेही खरंच.

पण शेजारच्या तलासरी-उंबरगावचा इतिहास आठवा. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतलेला वारली आदिवासी बायकोसह त्याच्याच शेतावर राबत राही. त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज किती फिटलं, हे सावकारच ठरवी. १९४५ साली किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी वेठ, म्हणजे सक्तीचं फुकट काम, नाकारली. सावकाराच्या श्रीमंतीपेक्षा त्याच्या या सत्तेवर त्यांचा राग जास्त होता.

मी विषमता अशा सत्तेतच मोजते. आज मसाट-पिपरियाच्या कारखान्यांत एकाच यंत्रावर कंपनीचा कायम कामगार आणि ठेकेदाराचा माणूस असे दोघे असतील, तर दोघांच्या पगारपावत्या शेजारी ठेवून पाहा. भविष्य निर्वाह निधी दोघांचाही कापला जातो का? बोट तुटलं तर भरपाई मागायची हिंमत दोघांना सारखीच आहे का? ठेकेदाराचा माणूस उद्या काम जाईल या भीतीने गप्प बसत असेल, तर चिंता करायलाच हवी, मग त्याचं पोट भरलेलं का असेना.